हे घर आहे का तालीम?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी सत्तरीला टेकलेली आजी. मंगळवार पेठेत आमचं जुनं दुमजली घर. खाली भाडेकरू, वर आम्ही दोघं. मुलगा-सून पुण्याला. नातू सहा वर्षांचा, नात चार वर्षांची. दिवाळीला दहा दिवस येतात. येणार म्हटलं की मी महिनाभर आधीपासून भाजणीच्या मागे लागते, आणि खरं सांगते, पोटात गोळाही येतो. पोरं लई वांड आहेत. दिवाणावरून उड्या, जिन्यात घसरगुंडी, गच्चीवर पळापळ. खालची भाडेकरीण तोंड वाकडं करून वर बघते. ह्यांना बीपीचा त्रास. ते ओरडतात, "हे घर आहे का तालीम?" सूनबाई खोलीत मोबाइल घेऊन बसते. पोरांना मी काही बोलले की सूनबाईचं तोंड उतरतं, सूनबाई घरात असताना मी का बोलायचं असंही वाटतं, आणि गप्प बसले तर हे माझ्यावर चिडतात. मुलगा आला की रंकाळ्यावर दोस्तांकडे. गेल्या भाऊबीजेला वन्संकडे गेलो तर नातवानं त्यांचा काचेचा मोर फोडला. वन्सं म्हणाल्या, "पोराला वळण नाही, एकदा डॉक्टरला दाखवा." घरी येईपर्यंत सूनबाई एक शब्द बोलली नाही. ती सगळी पुण्याला गेली त्या रात्री मी आठ वाजता झोपले आणि मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याचंच वाईट वाटून देवापुढं रडले. यंदा "चारच दिवस या" म्हणून सांगू का? आजीनं असं म्हणणं पाप आहे का?

— एक आजी, कोल्हापूर

उत्तर

ताई, नमस्कार.

पाप नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

मी एकतीस वर्षं बालवाडीत शिकवलं. वर्गात तीस-बत्तीस पोरं. लोक म्हणायचे, बाई, तुमची कमाल आहे. कमाल कसली! मला बारा वाजता सुट्टी व्हायची. शेवटचं पोर आईच्या कडेवर गेलं की मी खुर्चीत बसून पंधरा मिनिटं नुसती भिंतीकडे बघत बसायची. शिपाईमावशी चहा आणून ठेवायची तोही गार व्हायचा. त्या पंधरा मिनिटांत मला जे वाटायचं तेच तुम्हाला त्या रात्री आठ वाजता वाटलं. फरक इतकाच, तुमची बाराची घंटा दहा दिवसांनी झाली, आणि तोवर तुमच्या गुडघ्यांचं काय झालं असेल ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण सत्तरीतल्या बाईला दुमजली घरात काय होतं ते मला ठाऊक आहे.

आता तुमच्या यजमानांचं वाक्य. मला ते फार आवडलं, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. तालीम म्हणजे काय हे मंगळवार पेठेतल्या माणसाला मी सांगायला नको. पैलवान पहाटे उठतो, मेहनत करतो, खुराक घेतो आणि दुपारी आडवा होतो. संध्याकाळी परत लाल मातीत. तो घरी येऊन दिवाणावरून उड्या मारत नाही. मारायला अंगात जोरच उरलेला नसतो. तुमच्या नातवंडांना दिवाळीत खुराक मिळतो भरपूर, मेहनत शून्य, आणि झोप तर विचारूच नका. पुण्यातल्या पोरांना शाळेचं मैदान असतं, सोसायटीची बाग असते. इथं आल्यावर ती बारा बाय दहाच्या खोलीत फराळाच्या ताटाभोवती बसलेल्या मोठ्या माणसांत अडकतात. बाहेर तालीम मिळत नाही म्हणून ती घराची तालीम करतात.

तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी आणि त्यातली तासभर तरी दम लागेल अशी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगून ठेवलंय. नातवाच्या वयाला रोज किमान तासभर घाम निघेल असा खेळ. हे आजारी मुलांसाठी नाही, चांगल्या धडधाकट पोरांसाठी सांगितलेलं आहे. म्हणजे तुम्ही ज्याला दंगा म्हणता ती त्यांची रोजची गरज.

झोपेचा हिशेब तर तुम्हीच मांडून बघा. चार वर्षांच्या मुलीला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते, सहा वर्षांच्या मुलाला ९ ते १२. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री फटाके, गप्पा, काकांचं येणं-जाणं, झोपायला साडेअकरा. पहाटे साडेचारला आपण त्यांना ओढून उठवतो, उटणं लावतो, "उठ, नाहीतर नरकात जाशील" म्हणतो. पाच तास झोप झाली. मग दहा वाजता नवे कपडे चढवून एका घरी, तिथून दुसऱ्या, तिथून जेवायला तिसऱ्या. दुपारी दोन वाजता पोरगं वन्संच्या शोकेसपुढं उभं असतं. झोप कमी पडली की मोठं माणूस पेंगतं. लहान मूल मात्र उलटं, चेकाळतं. माझ्या वर्गात जे पोर सकाळपासून सगळ्यांना ढकलत सुटायचं, त्याच्या आईला मी पहिला प्रश्न विचारायची, काल कुणाचं लग्न होतं का घरात? बहुतेक वेळा असायचंच.

मध्येच एक सांगते. "गोड खाल्लं म्हणून उड्या मारतात" असं सगळ्या कोल्हापूरचं मत आहे. साखरेनं मुलं चेकाळतात, हे तपासण्यांत कधी सिद्ध झालेलं नाही. १९९०च्या दशकात तर आई-बापांना आणि मुलांना कळू न देता, कुणाला साखर आणि कुणाला नुसती गोड चव देऊनही पाहिलं गेलं, फरक दिसला नाही. लाडू लपवून ठेवायची गरज नाही. चिवड्या-चकलीनं पोट भरून वरणभात राहतो, तेवढं मात्र बघा.

तर आधी मेहनत, मग पाहुणे. हे एवढं सांभाळलंत तर निम्मं घर शांत होईल. मग पोरांना बाहेर न्यायचं कोणी? माणूस तुमच्या पत्रातच आहे. तुमच्या पत्रात सूनबाई जागोजागी आहे. मुलगा, पुण्याला असतो एवढं सोडलं तर, एकाच वाक्यात येतो, आणि त्या वाक्यात तो घराबाहेर पडतो. ताई, तो रंकाळ्यावर जातोच आहे ना? मग पोरांना घेऊन जाऊ दे. सकाळी सातला निघायचं, नऊला परत. पदपथ उद्यानात पळवायचं, तळ्याकाठानं चालवायचं, हात मात्र धरून, पाण्याची कड आहे. दोस्तांनाही तिथंच बोलवायचं. त्यांचीही पोरं असतीलच की आता. येताना मिसळ खायची तर खावी, पोरांपुरता कट वेगळा घ्यावा, नाहीतर पुण्याच्या जिभा आहेत, डोळ्यांतून पाणी काढतील.

सूनबाईबद्दल तुम्ही रागानं लिहिलेलं नाही, हे तुमचं मोठेपण. तरी एक बाजू मांडते. सासरी आलेली सून दिवाळीत पाहुणीही नसते आणि घरचीही नसते. स्वयंपाकघर तुमचं, डबे तुमचे, तिखटाचं माप तुमचं. पोरांनी काही केलं की नजरा तिच्याकडे वळतात, बापाकडे कुणी बघत नाही. वन्सं "वळण नाही" म्हणाल्या तेव्हा त्यांच्या भावाच्या मुलाला कुणी काही विचारलं का? खोलीचं दार आणि मोबाइल एवढीच तिला बसायला जागा आहे. ऑफिसचं कामही असेल, विचारून बघा. तिला वळण लावायच्या फंदात पडू नका. आणि तिच्या पोरांना रागवायचा प्रश्न मुलाकडे सोपवा.

फोन मुलालाच करा, दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, आणि यजमान झोपलेले असताना, नाहीतर मागून सूचना सुरू होतात. मी असं म्हणेन: "बाळा, तुम्ही येताय त्याचा आनंद आहे. पण माझ्याच्यानं दहा दिवस होत नाही रे आता. धनत्रयोदशीला या, भाऊबीज करून दुसऱ्या दिवशी निघा. आणि सकाळी पोरांना बाहेर न्यायचं काम तुझं, ते मला शब्द देऊन सांग." बास. कारणं देत बसू नका. कारणं दिली की तो प्रत्येक कारणावर उपाय सांगत बसतो, मुलगे असेच असतात. तुमच्या प्रश्नातले चार दिवस मात्र मी मान्य करणार नाही. चार दिवसांत नुसती धावाधाव होते, त्यात दोन दिवस प्रवासाचे. सणाचे दिवस धरून पाच-सहा ठेवा. आणि उरलेली भेट मे महिन्यात काढा, पण तेव्हा एकेकट्याला बोलवा. आठवडाभर एकटा नातू, पुढच्या सुट्टीत एकटी नात. दोन पोरांचा दंगा दुप्पट नसतो, चौपट असतो. एकटं आलेलं पोर तुमच्यामागून भाजी निवडायला येऊन बसतं. ही गोष्ट मी दोन नातवंडांवर आजमावलेली आहे.

घराबद्दल थोडक्यात. यजमानांच्या बीपीच्या गोळ्या टेबलावर, उशीखाली, खिशात कुठंही नकोत. वरच्या कपाटात, कुलपात. आजोबांची एक गोळी चार वर्षांच्या पोरीला दवाखान्यात पोचवू शकते. तांब्याचा बंब तापवत असाल तर न्हाणीघरात बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि तोवर दार बंद. गच्चीचं कुलूप मुलाच्या खिशात. घराचे नियम पोरांना आल्या दिवशी बापानं सांगायचे, आणि तीनच: जिन्यात हात धरून चालायचं, देवघरात बसून बघायचं, गच्चीवर मोठ्या माणसाबरोबर जायचं. "पळू नको, चढू नको, शिवू नको" ही नन्नाची माळ पोरांच्या कानावरून जाते. काय करायचं ते सांगितलं तर चार वर्षांची पोरगीसुद्धा ऐकते, वर दादाला सांगत फिरते. भाडेकरणीला वसुबारसेलाच फराळाचं ताट नेऊन द्या आणि सांगा, "पोरं येतायत, पाच-सहा दिवस सांभाळून घ्या." ताट आधी गेलं की वर बघणाऱ्या तोंडाचा वाकडेपणा बराच कमी होतो.

आता वन्सं.

माझीच एक गोष्ट सांगते. माझा धाकटा पाच वर्षांचा असताना आम्ही सासरच्या एका घरी दिवाळीला गेलो होतो. त्यांच्याकडे माशांची काचेची पेटी होती, त्या काळी फार अपूर्वाईची. आम्ही आत गप्पांत, आणि ह्यानं ताटलीभर चिवडा पेटीत ओतला. शेंगदाणे तळाला, पोहे वर, कढीपत्ता तरंगतोय, आणि मासे कोपऱ्यात. विचारलं तर म्हणाला, "त्यांना कुणी फराळच दिला नव्हता." मी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. तेव्हा वाटलं, चारचौघांत लाज राखली. आज तो चाळिशीला आलाय. मासे त्याला आठवत नाहीत, चिवडा आठवत नाही. थोबाडीत आठवते, आणि त्या घरी जायचं म्हटलं की अजून कारणं काढतो. चारचौघांत मारलेलं मी आजही मागे घेऊ शकत नाही.

काचेचा मोर गेला, त्याची भरपाई नातवानंच करायची. नवा मोर नको. वन्संना दोन ओळी आणि एक मोराचं चित्र, त्याच्या हातचं, वेडंवाकडं. ते त्यानं स्वतः नेऊन द्यायचं आणि "आत्या, माझ्याकडनं मोर फुटला" एवढंच म्हणायचं. तो त्यांना आत्याच म्हणतो की आजी, ते तुमच्या घरच्या रीतीनं. भाऊबीजेला जाणं टळणार नाही, बहिणीकडे ओवाळून घ्यायला यजमानांना जायलाच हवं. पण पोरांना तिथं दिवसभर डांबायला हवं असं कुठं आहे? सकाळी घरात नातीनं नातवाला ओवाळू दे, त्यांची भाऊबीज तिथं झाली. मग रंकाळा, मग जेवण, मग झोप. चार वाजता ताजीतवानी पोरं घेऊन वन्संकडे पाऊण तास. निघण्याआधी फोन करा: "वन्सं, पोरांना घेऊन येतोय, खालच्या फळीवरचं जरा वर सरकवा हं." तुम्हाला हे बोलायला अवघड वाटेल. वन्संना बरंच वाटेल, बघा. एका दिवसात एकच घर. ज्यांच्याकडे जाणं होणार नाही त्यांना तुमच्याकडे चहाला बोलवा. तुमच्या घरात फुटेल ते तुमचं फुटेल.

"डॉक्टरला दाखवा" या सल्ल्याचंही बघू. सहा वर्षांचं पोर अनोळखी घरात, झोप न होता, तीन तास उगा बसवल्यावर काहीतरी फोडतं, यावरून डॉक्टरही काही ठरवणार नाही. त्यांचे प्रश्न वेगळे असतात. शाळेतही असंच आहे का, घरीही असंच आहे का, सहा महिन्यांहून जास्त चाललंय का, त्यापायी शिकण्यात, दोस्तीत अडतंय का? शाळेतल्या बाई काय म्हणतात ते मुलाला विचारा. त्यांचीही तीच तक्रार असली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला लाजू नये. नसली तर वन्संचं बोलणं भाऊबीजेच्या ताटातलं खारट म्हणून सोडून द्या.

फराळाचं मात्र तुम्हाला दटावते. महिनाभर भाजण्या, कडबोळ्या, अनारशाचं पीठ, आणि पोरं दारात येतात तेव्हा आजी दमून गेलेली. चकली-शेव यंदा बचत गटातल्या बायकांकडून घ्या. करंज्या तेवढ्या ठेवा, आणि त्याही पोरं आल्यावर करा. चार वर्षांची पोरगी कातणं फिरवायला अर्धा तास एका जागी बसते. कडा वेड्यावाकड्या येतील, तळताना दोन-चार फुटतील, आणि त्याच आधी संपतील.

पाडव्याला कोल्हापूरची पोरं काय बघतात ते पुण्याच्या पोरांना दाखवा. सजवलेल्या म्हशी. शिंगं रंगवलेली, मोरपिसं लावलेली, गळ्यात घुंगरं, आणि मालकाच्या गाडीमागून पळणाऱ्या. गर्दीत पुढं जाऊ नका, एखाद्या ओट्यावर उभं करा, नातीला बापाच्या खांद्यावर. आणि एका संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्या. म्हैस समोर पिळतात, फेसाळ दुधाचा पेला हातात येतो. जे पोर घरी दुधाला तोंड वेंगाडतं ते तिथं मिशा पांढऱ्या करून दुसरा पेला मागतं.

अंबाबाईचं दर्शन पोरांना घेऊन करायचं तर भल्या सकाळी. सुट्टीत दुपारच्या रांगेत दोन वांड पोरं घेऊन उभं राहायचं म्हणजे देवीलाच आपली दया यावी.

राहता राहिले यजमान. ओरडणं हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय, कारण दुसरं काही काम त्यांना कुणी दिलेलं नाही. तालीम म्हणतायत ना, मग वस्ताद करा त्यांना. वस्ताद आरडाओरडा करत नाही, मातीच्या कडेला उभा राहून डाव सांगतो आणि पोरं ऐकतात. त्यांच्याकडे किल्ल्याचं काम द्या. खाली दारात, भिंतीच्या कडेला, भाडेकरणीलाही विचारून. पन्हाळाच करायला सांगा, तो त्यांना पाठ असणार. तीन दरवाजा कुठं, अंधारबाव कुठं, अंबरखान्याच्या गंगा-जमना-सरस्वती या कोठ्या केवढ्या, सज्जाकोठी कोणत्या कड्यावर. नातू चिखल कालवेल, नात खडे आणेल, आजोबा खुर्चीत बसून काठीनं दाखवतील. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्यावरून कसे निसटले, ती वाट कुठून निघाली, हे ते सांगतील आणि सांगताना त्यांचा आवाज चढला तरी कुणी दचकणार नाही. मग मुलानं एक दिवस सगळ्यांना गाडीत घालून खरा पन्हाळा दाखवायला न्यायचं, वीसेक किलोमीटर तर आहे. पोरं तिथं गेल्यावर आजोबांचा दरवाजा चुकलाय म्हणून भांडतील, भांडू देत. सज्जाकोठीपाशी मात्र कड्याकडे हात सोडू नका.

विटांचे तुकडे, दोन गोणपाटं आणि माती आधी आणून ठेवा. माती चाळून ठेवा, काचा निघतात. किल्ल्यावर पेरायला अळीव घरात असतीलच. ते तुम्ही पेरू नका, पोरं येतील त्या संध्याकाळी त्यांच्या मुठीनं पेरू द्या. धनत्रयोदशीला टाकलेले भाऊबीजेपर्यंत बोटभर हिरवे होतात, पण रोज दोनदा पाणी शिंपडायला हवं, आणि ते काम नातीकडे द्या. तांब्या घेऊन ती वरून खाली येणार, अर्धं पाणी जिन्यात सांडणार. पायऱ्यांवर जुनी गोधडी टाकून ठेवा.